सुई टोचायला किती वेळ लागतो

मस्कतला तुम्ही नक्की काय करत होता, असं गावी गेलं की लोक विचारतात. तेलाच्या कंपनीत होता का? बँकेत? मी सांगतो, सुई टोचायला किती वेळ लागतो ते मोजत होतो. लोक हसतात आणि विषय बदलून आंब्यावर येतात. आखातात राहून माणूस थोडा सरकलाय, असा त्यांचा समज होत असावा. दुपारी मस्कतच्या अझैबा भागातल्या आमच्या घरी खिडकीशी डोळा लागता लागता मलाही कधीकधी तसंच वाटतं. अशा वेळी कानाशी टिकटिक सुरू होते, कुठूनतरी वेलचीचा वास येतो आणि एक बाई मला विचारते, "काय उलूम?" उत्तर द्यायला मी तोंड उघडतो आणि जाग येते. बघतो तर ऊन पडद्याच्या कडेपर्यंत आलेलं असतं आणि चहाची वेळ झालेली असते.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, "माईणकरकाका, नोकरीबद्दल लिहा, पण आकडे नकोत." म्हणजे मासे तळा पण वास येता कामा नये. बघतो जमतंय का.

धंदा थोडक्यात असा होता. इथल्या नोकऱ्यांतली, निवृत्त झालेली माणसं आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठी एक सार्वजनिक विमा योजना होती. योजनेतल्या माणसानं दवाखान्यात जाऊन लस घेतली, की त्यानं खिशात हात घालायचा नाही. दवाखान्याला योजनेनं पैसे द्यायचे. किती द्यायचे, हे ठरवणाऱ्या कचेरीत मी सतरा वर्षं होतो. लसीच्या कुपीची किंमत सोपी असते, ती बिलावरच छापलेली असते. अवघड असतं ते कुपीतली लस माणसाच्या दंडात जाईपर्यंतचं. फ्रीज चोवीस तास चालू लागतो. त्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावं लागतं. दहा जणांची कुपी फोडली आणि तिघंच आले तर उरलेली फेकावी लागते. टोचल्यावर माणसाला पंधरा मिनिटं बसवून ठेवावं लागतं. आणि या सगळ्यात एक सिस्टर लागते, जिचा वेळ हा सगळ्यात महागडा माल. या सगळ्याचा मिळून एक दर ठरवायचा. तो जास्त झाला तर योजनेचे, म्हणजे लोकांचे, पैसे वाया. कमी झाला तर दवाखाना तुमच्याशी भांडत नाही. तो फक्त येणाऱ्याला सांगतो, "लस संपली आहे, पुढच्या आठवड्यात या." मग पुढचा आठवडा कधी येतच नाही.

हे काम माझ्याकडे आलं, कारण मी चिंचवडच्या कारखान्यातून आलो होतो. तिथे मी कामगारांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभा राहत असे. एक दांडा कापायला किती सेकंद, एक भोक पाडायला किती. कामगार तंबाखू मळायला थांबला की घड्याळ थांबवायचं, हात पुन्हा यंत्रावर गेला की सुरू. तंबाखूचे पैसे कंपनी देत नाही. माझं ते पोलादी घड्याळ मी मस्कतला येताना बरोबर आणलं. बायको, सुनंदा, म्हणाली होती, "लोक सोनं आणायला जातात, तुम्ही घड्याळ घेऊन चाललात." पण मला त्या घड्याळाचा गर्व होता आणि माझ्या अंगठ्याचा तर त्याहून जास्त. माझ्याइतक्या बरोबर वेळेला थांबवणारा अंगठा अख्ख्या कारखान्यात दुसरा नव्हता.

तर ते घेऊन मी दवाखान्या-दवाखान्यांतून हिंडू लागलो. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं, सिस्टर आणि लस घेणारा यांच्याकडे बघायचं, लिहायचं. दुपारच्या वेळी थंडगार खोलीत, एसीच्या घरघरीत, एकामागून एक दंड उघडे होताना बघत बसलं की मन कुठल्या कुठे जायचं. अंगठा मात्र आपलं काम करत राहायचा.

अझैबातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी भिंतभर माशांची काचेची टाकी बसवली होती आणि तिचा खर्च दरात धरा म्हणून ते माझ्या मागे लागले होते. त्यांचा मुद्दा असा: मासे बघून मुलं रडत नाहीत, रडली नाहीत की वेळ वाचतो, वेळ वाचला की दर कमी, तेव्हा योजनेचा फायदाच आहे, तर माशांना काहीतरी द्या. मी मग दोन दिवस बसून मोजलं. मुलं टोचताना रडत नव्हती हे खरं, पण निघताना टाकीसमोरून हलायला तयार नसत आणि दारापर्यंत आकांत करत. माशांना काही मिळालं नाही. डॉक्टरसाहेब मात्र हुशार माणूस. ज्या गोष्टीला पैसे मिळतील ती गोष्ट त्यांच्याकडे हमखास घडायची. हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

अल खौदला विद्यापीठाजवळच्या दवाखान्यात एक दांडगा फुटबॉल खेळणारा विद्यार्थी सुई बघूनच आडवा झाला. तो पडलेला बघून रांगेतले मागचे दोघं पडले. सिस्टरनं तिघांचे पाय उशीवर ठेवले, पाणी मारलं, चाळीस मिनिटं तिचं बाकी सगळं काम बंद. मी वहीत लिहिलं, "अपवाद. नोंद रद्द." अशी माझी शिस्त होती. जे नेहमी होत नाही ते सरासरीत धरायचं नाही, आणि ज्यात लसच टोचली नाही ती भेट तर मुळीच धरायची नाही, कारण आपण लस टोचण्याचा दर काढतो आहोत. कारखान्यातही जो दांडा कापलाच नाही त्याचा वेळ कोण धरतो?

याच शिस्तीनं मी इब्र्याला गेलो.

इब्रा मस्कतपासून दोन तासांवर, डोंगरांच्या आत. पहाटे निघालं की रस्त्यावर धुरकट उजेड असतो आणि तपकिरी डोंगर एकामागून एक उलगडत जातात, इतके सारखे की आपण पुढे जातोय की एकाच डोंगराला फिरून येतोय ते कळत नाही. बुधवारी तिथे बायकांचा बाजार भरतो. दुकानांवर बायका, गिऱ्हाईकं बायका. म्हणून तिथल्या एका लहान दवाखान्यात लशीचा दिवसही बुधवार. बाजार उरकला की बायका पोरंबाळं घेऊन, पिशव्या सांभाळत लशीला यायच्या.

तिथली सिस्टर होती शमीम. दाभोळची. खाडीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे तिचं. लहानपणी तिच्या गावचे दिवे मी आमच्या धक्क्यावरून बघितलेले. माझं आडनाव ऐकल्यावर ती हसली. "काय वो, खाडी ओलांडायला तुमाला इब्र्याला यायला लागलं? बसा. पाणी पिवा आधी." पन्नाशीची, बुटकी, चष्मा कपाळावर चढवलेला. खोलीत निळा पडदा, फ्रीज, एक खाट, दोन खुर्च्या आणि टेबलावर खजुराचा डबा.

पहिलीच आली ती उम्म सईद. सईदची आई म्हणून उम्म सईद. तिचं स्वतःचं नाव कुणी घेत नसे. सत्तरीची बाई, कडेवर आठ-नऊ महिन्यांचा नातू, हातात कहव्याचा, म्हणजे वेलची घातलेल्या कॉफीचा, थर्मास. मी घड्याळ दाबलं. ती आली, बसली, थर्मास उघडला, इवल्या कपात शमीमला कहवा दिला, मला दिला, आणि मग शमीमनं विचारलं, "उलूम?"

उलूम म्हणजे बातम्या, खबरबात. ओमानातल्या गावांतून हा रिवाज आहे. दोन माणसं भेटली की आधी सलाम, मग तब्येत, मग उलूम. आणि उत्तर ठरलेलं: काही विशेष नाही, सगळं खैर आहे. एवढं झालं की मग खरी बातमी हळूहळू बाहेर यायला लागते, घाई न करता. उम्म सईदची बातमी शेळीची होती. शेळी व्याली होती. दोन पिल्लं, एक अशक्त.

मी घड्याळ थांबवलं. हे तर सरळच तंबाखू मळणं होतं.

कहव्याचा दुसरा कप झाला. शमीमनं शेळीचा रंग विचारला. बाहेर कुठेतरी पाणी वाहत होतं, त्याचा बारीक आवाज पडद्यामागून येत होता, आणि मला छान गुंगी येत होती. कप नुसता खाली ठेवला की ती बाई पुन्हा भरायची. पुरे असेल तर तो हातात किंचित हलवून परत द्यायचा असतो, हे मला पाचव्या कपानंतर शमीमनं सांगितलं. उम्म सईद सांगत होती की अशक्त पिल्लाला रात्रभर उराशी धरून बसले, सून नातवाला घेऊन बसली, दोघींची झोप नाही, कारण पिल्लू थंड आणि पोरगा गरम.

शमीमचा हात बोलता बोलताच पोराच्या मानेवर गेला. मग थर्मामीटर. मग ती उम्म सईदला म्हणाली, आज नाही, आधी डॉक्टरला दाखवू, ताप उतरला की पुढच्या बुधवारी. उम्म सईदनं हात वर करून देवाचे आभार मानले, खजूर दिले आणि उठली. भिंतीवरच्या घड्याळात एकूण सव्वीस मिनिटं. मी लिहिलं, "गप्पा, शेळी. लस नाही. नोंद रद्द."

दिवसभर असंच चाललं. कुणाची सून रुसलेली, कुणाचा मुलगा सूर शहराला बदलून गेलेला. एकीला वाटत होतं की फ्लूच्या लशीनं तिच्या जावेचा हात कायमचा दुखायला लागला. शमीमनं तिला वीस मिनिटं समजावलं, आणि ती "इन्शाल्ला, विचार करते" म्हणून निघून गेली. नोंद रद्द. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा प्रत्यक्ष टोचण्याचा वेळ अझैबासारखाच निघाला, साडेचार मिनिटं. मला आनंद झाला. शहर असो की डोंगर, काम तेच, वेळ तोच. एकच दर सगळीकडे चालेल. मी शमीमला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "असं होय? मंग माझा दिवस कुटं गेला वो?" मला तो विनोद वाटला.

तो दर लागू झाला. टोचणावळ म्हणू या तिला, ती साधारण एका शावरम्याच्या किमतीला आली, ताकासकट. मस्कतच्या मोठ्या दवाखान्यांनी कुरकुर केली आणि चालवून घेतलं. माझ्या कामाचं कौतुक झालं. आमचे प्रमुख नासरसाहेब ओमानी, फार मृदू माणूस; त्यांनी सगळ्यांसमोर माझं घड्याळ हातात घेऊन बघितलं. त्या दिवशी मी घरी हलवा नेला.

नऊ-दहा महिन्यांनी शमीमचा फोन आला. "साहेब, तुमाला सांगावं म्हटलं. आमची खोली बंद होतेय. अर्बाब म्हणतात, बुधवारभर एक सिस्टर बसते आन् वीस सुया पन नाय होत. तितं दाताची खुर्ची बसवनार."

"मग तुमचं काय?"

"माझं काय, बगू. ह्या महिनाअखेरपर्यंत हाय मी. पन ह्या बायका दुसरीकडं नाय जायच्या वो. मला म्हायत हाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. मी त्या अर्बाबांना, म्हणजे दवाखान्याच्या मालकांना, फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "भाई, दानधर्म मी मशिदीत करतो. दवाखान्यात दर तुम्ही ठरवता." मी फोन ठेवला.

त्या दुपारी मी जुनी वही काढली. इब्र्याचं पान. डावीकडे काम, उजवीकडे गप्पा. गप्पांची बाजू भरगच्च. शेळी, सून, सूरची बदली, जावेचा हात. वाचता वाचता मी शेळीवर थांबलो. त्या पोराला ताप आहे हे उम्म सईदनं कधी सांगितलंच नव्हतं. तिनं शेळीबद्दल सांगितलं होतं. ताप शेळीच्या मागून आला. शमीमनं घाई केली असती तर तापलेल्या पोराला टोचून ती मोकळी झाली असती, माझ्या वहीत साडेचार मिनिटांची सुंदर नोंद झाली असती, आणि ते पोर डॉक्टरपर्यंत गेलंच नसतं. त्या खोलीतलं त्या दिवसाचं सगळ्यात मोठं काम त्या सव्वीस मिनिटांत झालं होतं, आणि ते मी माझ्या हातानं रद्द केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या अंगठ्याची जास्त.

रजा टाकून मी पुन्हा इब्र्याला गेलो. तीन बुधवार गेलो. या वेळी नियम एकच: बाई दारात आली की घड्याळ सुरू, दाराबाहेर गेली की बंद, लस होवो न होवो. ते चालू घड्याळ हातात धरून बसणं मला फार जड गेलं. उलूम सुरू झाले की अंगठा आपोआप वळवळायचा. शमीम बघायची आणि म्हणायची, "आवरा वो त्याला. कहवा घ्या."

दुसऱ्या बुधवारी दुपारी मी बाहेर घाफच्या झाडाखाली बसलो होतो. तिथे उम्म सईदचा नवरा, अबू सईद, पिकअप लावून बायकोची वाट बघत असायचा. तो तिथल्या फलजावर पाण्याच्या पाळ्या सांभाळायचा. फलज म्हणजे डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट; सगळ्या बागांचा मिळून एक, आणि प्रत्येकाची पाळी वेळेवर ठरलेली. पूर्वी तो काठीची सावली बघून वेळ धरायचा, आता मनगटी घड्याळ. माझ्या आजोळी सुपारीच्या बागेला असंच पाटाचं शिंपणं असायचं, त्यामुळे मला त्याचं बोलणं अर्ध्या अरबीतही समजत होतं. त्यानं माझं घड्याळ हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"हे कधी सुरू करतोस?"

मी सांगितलं.

"आणि आधी कधी करायचास?"

तेही सांगितलं. तो मग पाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "माझ्या भावाची बाग शेवटी आहे. मी इथे पाणी वळवतो. मधला पाट कोरडा असतो, आधी तो पितो. पाणी बागेच्या तोंडाशी पोचायला वेळ लागतो. पाट जेवढं प्याला तेवढं भावाच्या पाळीतून कापलं, तर त्याची झाडं दहा वर्षांत मरतील. म्हणून आमच्याकडे तो वेळ सगळ्यांचा. पाणी दूर आहे हा त्याचा गुन्हा नाही."

"हे कुणी ठरवलं?"

"मला काय माहीत? माझ्या आजोबांच्या आधीचं आहे." त्यानं घड्याळ परत दिलं आणि विचारलं, "तुमच्या कचेरीत म्हातारं कुणी नाही का?"

मी होतो की. अठ्ठावन्न वर्षांचा. पण हे त्याला सांगायचा धीर झाला नाही.

दर मंजूर करणाऱ्या कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बाहेर पांढरं ऊन. मी नवे आकडे मांडले. इब्र्यात एका टोचण्यामागे, न टोचलेल्या भेटी धरून, अझैबाच्या जवळजवळ चौपट वेळ जातो. मी म्हणालो की दोन गोष्टी करायला हव्यात. एक, लांबच्या लहान दवाखान्यांचा दर वाढवायचा. दोन, सिस्टरनं बसवून विचारपूस केली, समजावलं, आणि योग्य कारणानं लस दिली नाही, तरी त्या भेटीचे पैसे द्यायचे.

खोलीत जरा हसू पसरलं. एकजण म्हणाले, "माईणकर, म्हणजे सुई न टोचल्याचे पैसे?" आणि नासरसाहेब हळूच म्हणाले, "गप्पांना पैसे दिले तर सगळे गप्पाच मारतील. तुम्हीच तर मला त्या माशांची गोष्ट सांगितली होती."

ते खरंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर अझैबाचे डॉक्टरसाहेब आलेच होते, टाकीसमोर कहव्याचं दुकान मांडून बसलेले. म्हणून मी रात्र-रात्र बसून फॉर्मवर एक चौकट आखली होती: ‘सल्ला दिला, लस दिली नाही.’ तिच्यापुढे कारण लिहायचं. ताप, आधीच घेतली आहे, भीती, काय असेल ते. पुन्हा कधी बोलावलं ती तारीख. एका माणसाला एका लशीसाठी एकदाच. आणि बोलावलेल्यांपैकी किती परत आले ते आम्ही बघणार. नुसत्याच गप्पा असतील तर ते दिसून येईल.

नासरसाहेबांनी कागद वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "हे आधीच्या अभ्यासात का आलं नाही? चूक कुणाची?"

सोपं होतं. नमुना लहान होता म्हणता आलं असतं, नियमावली तशी होती म्हणता आलं असतं. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि त्या अभ्यासावरच माझी शेवटची बढती झाली होती.

"माझी," मी म्हणालो. "त्या बायका बोलत होत्या तेव्हा मी घड्याळ थांबवत होतो."

 नासरसाहेबांनी कागदावर हात ठेवला. मग म्हणाले, "माझी आई दवाखान्यातून आली की औषधाचं नाव कधी सांगायची नाही. डॉक्टरनं काय विचारलं ते सांगायची." आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

मंजुरी यायला पाच महिने गेले. लांबच्या दवाखान्यांचा दर वाढला, मी मागितला होता त्याच्या निम्मा. चौकट मात्र जशीच्या तशी मान्य झाली. कागद हातात आल्याबरोबर मी शमीमला फोन लावला. तोवर इब्र्याच्या त्या खोलीत दाताची खुर्ची बसली होती आणि शमीम अल खौदच्या एका दवाखान्यात लागली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "ज्यांच्या खोल्या अजून हायत, त्यांना तरी मिळंल."

"आणि उम्म सईद?"

"नातवाच्या लशी झाल्या वो. अबू सईद सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. ती सोता नाय जात. मला शुक्रवारी फोन करते, उलूम सांगायला. शेळीचं ते पिल्लू जगलं, म्हायत हाय का?"

मला माहीत नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं. एवढी सगळी लढाई लढून ज्या खोलीसाठी लढलो ती वाचली नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि आजही वाटतं. पाच महिने आधी बैठक झाली असती तर, असं मी मनात म्हणतो. पण खरं तर पाच महिन्यांचा प्रश्न नव्हताच. पहिल्या बुधवारी मी अंगठा आवरला असता तर, एवढाच प्रश्न होता.

निवृत्त झालो. फॉर्मवर ती चौकट छापून आली होती, पण मी कधी ती भरलेली बघितली नाही. कचेरीतून बाहेर पडलेल्या माणसाला फॉर्म कोण दाखवतो? कधी वाटायचं, कुणी भरतच नसेल. कधी वाटायचं, अझैबाचे डॉक्टरसाहेब एकटेच भरत असतील.

गेल्या हिवाळ्यात सुनंदा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. मुलगी इथल्याच शाळेत वाढली. तिचं मराठी अडखळत चालतं, पण फोनवर मला दटावताना अजिबात अडखळत नाही. ती म्हणाली, "बाबा, फ्लूची लस घेतली का? नाही? मग आधी जाऊन घ्या ना, प्लीज." आमच्या इमारतीखालीच एक दवाखाना आहे. पण मी गाडी काढली आणि अल खौदला गेलो.

शमीमचा चष्मा अजून कपाळावरच होता. खोली मोठी, पडदा पिवळा, खजुराचा डबा तोच. तिनं माझा दंड बघितलाच नाही. आधी खुर्ची दिली, मग थर्मासातून कहवा.

"उलूम?" ती म्हणाली.

"काही विशेष नाही. सगळं ठीक," मी म्हणालो. ठरलेलं उत्तर.

मग दुसरा कप. आणि मी बोलायला लागलो. सुनंदा नाही, घर मोठं वाटतं. स्वयंपाक मीच करतो, आमटी बिघडते, जेवण जात नाही. नातीचा फोटो आला, नाक आमच्यासारखं. रात्री झोप लागत नाही, एसी लावला तर थंडी वाजते, बंद केला तर घामानं उशी भिजते, पहाटे पहाटे कसलीतरी स्वप्नं पडतात. खाडी दिसते, पलीकडचे दिवे दिसतात, खाडी ओलांडायची होडी असते जुन्या धक्क्यावर. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मी किती वेळ बोललो कोण जाणे. कुणी इतक्या सावकाश माझं ऐकून घेतल्याला खूप दिवस झाले होते. सांगायला संकोच वाटतो, पण माझे डोळे भरून आले.

शमीमचा हात माझ्या कपाळावर आला.

"ताप हाय तुमाला," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

"तीन-चार रात्री. काही नाही हो, एकटेपणाचं आहे ते. टोचून टाका, एवढ्या लांब आलोय."

"नाय टोचत. आदी डॉक्टरना दाखवा, छाती बगू दे त्यांना. पुढल्या बुधवारी या. आन् आमटीत कोकम घाला, चिंच घालत असनार तुमी."

तिनं टेबलावरचा फॉर्म ओढला, चष्मा डोळ्यांवर घेतला. मी खुर्चीतून वाकून बघितलं. वर माझं नाव होतं, वय होतं. तिचं पेन खाली खाली येत गेलं आणि एका लहानशा चौकटीपाशी थांबलं. सल्ला दिला, लस दिली नाही. तिनं तिथे बरोबरची खूण केली, पुढे ‘ताप’ लिहिलं, बुधवारची तारीख घातली, कडेला एक आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"सही करा, साहेब," ती म्हणाली. "बत्तीस मिन्टं झाली. ती मी लिवलीत."